जुळ्या बहिणीचे हात

मी बुलढाण्यात शाळेत विज्ञान शिकवते. जुळ्यांचा विषय निघाला की मुलांना सांगायचे, आम्हा दोघी बहिणींची जनुकं अगदी एकसारखी, खोटं वाटत असेल तर तिला बोलावते. मुलं हसायची. हल्ली मी तो भाग लवकर उरकते.

बहीण माझ्याआधी काही मिनिटं जन्मली, म्हणून ती थोरली, आणि थोरलीचं लग्न आधी. पहिलं स्थळ सोनाळ्याचं, खेड्यातल्या शेतकरी घरातलं आलं, ते तिला गेलं. पुढचं आलं ते मला: नोकरदार मुलगा, शहरातलं घर. रीतच होती ती. कुणी कुणावर अन्याय केला नाही, तरी त्या रीतीचा मला आज फार राग येतो.

चाळिशीत तिची बोटं सकाळी आखडू लागली. आधी बिब्बा लावून झाला, मग शेकणं, मग गावभरचे सल्ले. अकोल्याच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर बोटं वाकायला लागली होती. आमवात, म्हणाले ते. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उठल्या होत्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"आमचं दोघीचं रक्त एकच, मंग मलेच काऊन?" तिने विचारलं. शेजारी बसलेली विज्ञानाची बाई, म्हणजे मी, डॉक्टरांकडे बघू लागले.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणत्या जनुकाने कामाला लागायचं आणि कोणत्याने गप्प बसायचं, ते ठरण्यात या खुणांचा हात असतो, आणि जसं आयुष्य जातं तशा त्या बदलतात. तंबाखू, धूर, एखादा जुना संसर्ग, आणि बरंच काही, जे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. "धुरानेच झालं असं मी म्हणणार नाही ताई, पण धुरापासून लांब राहा."

"त्या खुना पुसता येत नाई काय?"

"अजून तसं औषध नाही. या गोळ्या आजार आवरतात."

"अन् माह्या पोरीले?"

"होईलच असं नाही. तिनेही धूर टाळलेला बरा."

त्यानंतरचं तिने काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

दिवाळीनंतर मी सोनाळ्याला गेले. तिच्याकडे गॅस आहे, पण त्यावर चहा आणि वरण. भाकर चुलीवरचीच लागते, सासऱ्यांना आणि खरं तर सगळ्यांनाच. मागे टिनपत्र्याच्या खोलीत चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या आणि दार आतून लावलेलं होतं. बारावीतली भाची बाहेर रडकुंडीला येऊन उभी होती.

"मावशी, इतके दिवस भाकरी मीच करत होती. अकोल्याहून आल्यापासून आई मले आत येऊच देत नाई."

मी दार वाजवलं. तिने ते वीतभर उघडलं. आत डोळे उघडवत नव्हते. काटवटीतली भाकर एका अंगाला जाड राहिली होती. बोटं पसरत नसल्याने ती तळहाताच्या कडेने पीठ ढकलत होती. माझा संताप झाला. धूर तुलाच आधी वाईट, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का, गॅसवर भाज, खातील सगळे मुकाट्याने, असं मी बोलत सुटले आणि दार ढकलून आत शिरायला गेले.

तिने कोपर आडवं लावलं.

"तू बी बाहीरच राह्य," ती म्हणाली. "तुहे हात अजून चांगले हायेत."