शांत लेकरू

आमचा मुलगा नऊ महिन्यांचा असताना आम्ही मागच्या अंगणात स्वयंपाकघर बांधायला काढलं. शिवाजी पेठेत आमच्या दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बसणं-झोपणं, मागच्या खोलीत चूल, धान्याचे डबे आणि मोरी. थोरली मुलगी तेव्हा चार वर्षांची. पोरं चुलीकडं येऊ नयेत म्हणून मी एक पाय आडवा टाकून बसायची आणि तशीच भाकऱ्या थापायची. पाय भरून यायचा, पण उठायची सोय नव्हती.

माझे यजमान कचेरीत कारकून होते, पण सुतारकामाची त्यांना भारी हौस. भिंती गवंड्यानं उभ्या केल्या. बाकीचं आपण रविवारी-रविवारी करू, असं ह्यांनी ठरवलं. उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा बांधायचा, त्यावर शहाबादी फरशी, खिडकीशी भांड्यांची फळी. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या पुरणपोळ्या नव्या ओट्यावर करायच्या. मी मनातल्या मनात डबेसुद्धा लावून ठेवले होते.

बाळाचं सगळं हौसेनं झालं होतं. बारशाला माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, पलीकडच्या गल्लीतनं सकाळीच येऊन बसली. आत्याच ती, तिचाच मान. तिनं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, हसण्यानं घर भरून गेलं. बाळ आढ्याकडं टक लावून बघत होतं. उष्टावणाला शिरोळहून माझा भाऊ आला. हुपरीला वाकडी वाट करून त्यानं भाच्यासाठी घुंगरांचे चांदीचे वाळे आणले होते.

थोरलीनं लहानपणी रडून गल्ली डोक्यावर घेतली होती. हा मात्र गुणी. झोपला की झोपला. तालमीची पोरं फुटबॉलची मॅच जिंकून फटाके उडवत दारावरनं गेली, तरी हा हलायचा नाही.

"वैनी, नशीब काढलंसा," नणंद म्हणायची. "असलं शांत लेकरू पेठेत दुसरं न्हाय."

मलाही त्याचा अभिमान वाटायचा. दोन्ही वेळचा स्वयंपाक सुखानं होत होता.

पत्रे घालायचा रविवार उजाडला. हे आणि गवंडी वर चढले. वाशांवर पत्रे ठेवून खिळे ठोकायला लागले, तसा असा दणदणाट सुरू झाला की थोरली कानांत बोटं घालून माझ्या पदरात शिरली. शेजारणीचं मूल दचकून रडायला लागलं. शेजारीण परड्यातनं ओरडली, "जरा दमानं घ्या की वो!" मी बाळाला उचलायला धावले. त्याचा पाळणा मागच्या दाराशीच होता, पत्र्यांच्या जवळ जवळ खालीच.

तो झोपला होता. मुठी सैल, ओठांच्या कडेला दूध. वर हातोडा बसत होता, प्रत्येक घावाला मीच दचकत होते, आणि त्याची पापणीसुद्धा हलत नव्हती.

मी पाळण्याशी उभी राहिले. इतके दिवस ज्याला मी गुण म्हणत होते ते काय होतं, हे मला त्या क्षणी कळलं. नंतर मला पुष्कळांनी पुष्कळ समजावलं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं; पण मला जे कळायचं होतं ते तिथंच कळलं होतं.

ह्यांना लगेच सांगायचा धीर झाला नाही. पुढचे काही दिवस मी त्याच्या पाठीमागं ताट वाजव, डबा आपट, टाळ्या वाजव, असं करत राहिले. कधी कधी तो वळायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मग ध्यानात यायचं, माझी सावली त्याच्या पुढ्यात पडली होती. शेवटी हे जेवायला बसले असताना मी बोलले.

"आपल्या बाळाला ऐकू येत न्हाय."

"कायतरीच बोलू नकोस," हे म्हणाले. "मी आलो की कसं हसतंय. ऐकायलंय की पोरगं!"

"हसतंय बघून. ऐकून न्हाय."

ताटावरनं उठले ते तडक मागं गेले. बाळ अंगणात रंध्याच्या भुशाशी खेळत बसलं होतं. ह्यांनी पत्र्याचा उरलेला तुकडा घेतला, त्याच्या पाठीमागं धरला आणि हातोडा मारला. बाळानं भुसा मुठीत धरला आणि सोडला. ह्यांनी परत मारला. मग एकसारखे मारतच सुटले. थोरली रडायला लागली. मी म्हणत होते, "पुरे करा, अहो, पुरे करा." शेजारीण भिंतीवरनं बघत होती. पत्र्याला भोक पडलं तेव्हा हात थांबला. तेवढ्यात बाळ आपणहून मागं वळलं, वडलांना बघितलं आणि दोन्ही हात वर करून हसलं. घ्या म्हणून.

ह्यांनी त्याला उचलून घेतलं आणि तिथंच खाली बसले.

वाढदिवस केला. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मोडायचा कसा? ओट्याची फरशी बसली नव्हती, म्हणून पुरणपोळ्या जुन्या चुलीवरच केल्या. बाळाला नवं झबलं, टोपी घातली, पाटावर बसवलं, बायकांनी ओवाळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यानंही वाजवल्या, आणि एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "किती हुशार गं बाई! बोलतोय का काय?"

"बोलतोय की," मी म्हटलं. नणंदेनं माझ्याकडं बघितलं. तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ती उठून आत गेली आणि भांडी घासत बसली. पाहुण्यांच्यात परत आलीच नाही.

मिरजेच्या एका कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बाळाच्या मागं घंटा वाजवली, खुळखुळा वाजवला, ठोकला की घुमतो तो लोखंडी काटा कानाशी धरला. मग मला विचारलं, "बाई, पोटुशी असताना अंगावर पुरळ आलं होतं का? ताप?"

आलं होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांना गोवरासारखं काही आलं, थोरलीला आलं, तिच्या पाठोपाठ मलाही. दोनेक दिवस अंगावर लाली राहिली आणि गेली. मी अंथरुणालासुद्धा टेकले नव्हते.

"त्यातनंच असावं," डॉक्टर म्हणाले. "तुमचा काही दोष नाही. पण हे बरं होण्यातलं नाही. जन्मतःच आहे."

येताना एस.टी.त हे बाळाला मांडीवर घेऊन बसले. बाळ खिडकीतनं उसाच्या गाड्या बघत होतं आणि प्रत्येक बैलाला हात दाखवत होतं.

त्यानंतर ज्यानं जे सांगितलं ते केलं. जोतिबाला नवस बोललो. वैद्यानं दिलेलं तेल कानांत घातलं, त्यानं कान फुटला तो निराळाच. माझी आई म्हणाली, आमच्यात मुलगे उशिराच बोलतात, तुझा भाऊपण उशिरा बोलला. ऐकायचं यंत्र आणलं. छातीवर डबी, कानाला वायर. ते घातलं की तो किंचाळून उपटून टाकायचा. आत काय ऐकू येत होतं कुणास ठाऊक. सुखाचं काही नसणार.

एकदाच आशा वाटली. पेठेच्या पोरांनी मोठी मॅच जिंकली होती. हलगी वाजवत मिरवणूक आमच्या दारात येऊन थांबली. बाळ तेव्हा चालत होतं. ते दाराशी उभं होतं आणि हलगीच्या ठेक्यावर नाचायला लागलं! अगदी ठेक्यावर. हे कपडे बदलत होते, तसेच अर्ध्या सदऱ्यात धावत आले. "अगं, ऐकायला लागलं! ऐकायला लागलं बघ!" मी देवापुढं साखर ठेवायला पळाले.

थोरली त्याच्या शेजारीच उभी होती. ती वडलांना म्हणाली, "आण्णा, त्यानं दाराला हात लावलाय. दार हलायलंय."

ह्यांनी त्याचा हात दारावरनं काढला. नाच थांबला. हात परत ठेवला, पोरगं परत नाचायला लागलं. बाहेर गुलाल उधळत होते. ह्यांनी दार लावून घेतलं.

स्वयंपाकघर तसंच राहिलं. ओट्याच्या विटा उघड्या, भिंतीला एका बाजूनंच गिलावा. हत्यारांची पेटी ह्यांनी पलंगाखाली सारली आणि रविवारी ते तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. मी ओट्यावर गोणपाट टाकून स्टोव्ह ठेवला. रोज विटांचा भुगा पिठात पडायचा.

त्याच्याशी बोलायचं काम थोरलीनं उचललं. तिनं स्वतःच खुणा काढल्या. कानाची पाळी चिमटीत धरली की मी, माझ्या कुड्यांवरनं. ओठावर बोट फिरवलं की वडील, मिशांवरनं. बोटं जुळवून फुंकर घातली की दूध. दोघं तासन् तास हातांनी बोलत बसायची. पाहुणं आलं की मी तिला म्हणायची, "विचार त्याला काय पाहिजे ते." तिला शाळेत घातलं तो दिवस मला आठवत नाही. कुणी पोचवलं, काय घातलं होतं, काही नाही. त्याच दिवसांत कान फुटला होता आणि मी दवाखान्यात बसून होते.

एकदा सकाळी ती वेणी घालून घेत असताना म्हणाली, "आई, काल माझा वाढदिवस हुता."

माझा हात थांबला. खरंच होता. घरात साधा शिरासुद्धा झाला नव्हता.

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुमी त्याला घेऊन बसला हुता की," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितलं. मी त्या संध्याकाळी शिरा केला. तिनं खाल्ला, निम्मा भावाला भरवला. पण आदल्या दिवशीचा शिरा दुसऱ्या दिवशी होत नसतो, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तो सहा वर्षांचा झाला आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला. शाळा लांबच्या गावाला, वसतिगृहात राहायचं. घरी ठेवून त्याचं काय होणार, म्हणून मीही हो म्हटलं.

पोराला पाठवायचं हे समजावणार कसं? दुसऱ्या आया सांगतात, बाळा, शिकून मोठा हो, दिवाळीला न्यायला येऊ. 'दिवाळी' कशी सांगू? 'येऊ' कसं सांगू? थोरलीनं आपल्या परीनं खटपट केली. पणती पेटवल्याची खूण केली, गाडीची केली, आमच्या दोघांच्या खुणा केल्या. त्यानं गाडीची खूण तेवढी उचलली आणि आनंदानं उड्या मारायला लागला. गाडीत बसून कुठंतरी फिरायला जायचं म्हणून तो सकाळपासून चपला घालून बसला.

शाळेत एका बाईंनी त्याचा हात धरला. "मागं बघू नका," त्या म्हणाल्या, "नाहीतर राहणार नाही." आम्ही फाटकाकडं वळलो. निम्म्या वाटेवर गेलो असू, मागनं आवाज आला. त्याला शब्द नव्हते, पण आवाज होता. तसा आवाज त्यानं आधी कधी काढला नव्हता. तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हाला ऐकू येतो हेही माहीत नव्हतं. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि आम्ही चालत राहिलो.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा उंच झाला होता. थोरलीनं धावत जाऊन खुणा केल्या. त्यानं हात मागं बांधले आणि मान हलवली. शाळेत खुणा करायच्या नाहीत, बोलायला शिकायचं, अशी शिस्त होती. तिचे हात तसेच हवेत राहिले.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं, तोंड मोठं उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि म्हणाला, "आ-ई."

किती वर्षं त्या शब्दाची वाट बघितली होती. त्याला पोटाशी धरलं, रडले, ह्यांना हाक मारली. नणंदेला कुणीतरी निरोप दिला, ती पेढे घेऊनच आली. तिला बघून तो उभा राहिला, गळा ताणला आणि म्हणाला, "आ-ई."

संध्याकाळी दूधवाली आली. तिलाही म्हणाला, "आ-ई." शेजारणीलाही. शाळेत त्यांना बाईमाणसाचं चित्र दाखवून तो शब्द घोटून घेतला होता. प्रत्येकीनं कौतुकानं गालावरनं हात फिरवला. मी पेढ्यांचा पुडा तसाच बांधून ठेवला.

सुट्टीभर तो आमच्यात पाहुण्यासारखा राहिला. आम्ही बोलायचो, तो ओठांकडं बघून बघून थकायचा आणि मान फिरवायचा. सुट्टी संपायच्या आधीच त्यानं आपले कपडे घडी घालून पिशवीत भरले आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. मी पिशवी आत ठेवली, तो परत बाहेर घेऊन आला. त्याला परत जायचं होतं. तिथं त्याच्यासारखी मुलं होती. शिस्त काही असो, बाई बघत नसतील तेव्हा ती हातांनी बोलत असणारच.

"जाऊ दे त्याला," हे म्हणाले. "हितं कुणाशी बोलंल?"

स्टँडवर मीही गेले. खिडकीची जागा मिळाल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला. ह्यांनी त्याच्या शेजारी बसून पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तेव्हा मी हात हलवला, पण तो पुढं, ड्रायव्हरकडं बघत होता. गाडी कोपऱ्यावरनं वळली. थोरलीच्या शिकवणीची वेळ झाली होती, म्हणून मी घराकडं निघाले. वाटेत भाजी घेतली. काय घेतली ते आठवत नाही.