चौकोनात बसवलेले चेहरे

झाशीला माणसं हरवतात. चारी दिशांच्या गाड्या इथे थांबतात. कुणाचे म्हातारे वडील पाण्याची बाटली भरायला उतरतात आणि गाडी निघून जाते. अशांना घरी पोचवणारी एक लहानशी संस्था शहरात आहे. तिची वेबसाइट मी करून दिली. हरवलेल्याचा फोटो अपलोड करायचा, खाली नाव, अंगावरचे कपडे, फोन नंबर. एक पैसा घेतला नाही, हे मी चारचौघांत बरंच मिरवलं.

फोटो कसेही यायचे. कुणाचा उभा, कुणाचा आडवा, कुणी अल्बममधल्या फोटोचाच मोबाइलवर फोटो काढलेला. पान वेडंवाकडं दिसायचं, आणि मला टापटिपीचं वेड. मी एक ओळ लिहिली: येईल तो फोटो चारशे बाय चारशेच्या चौकोनात बसवायचा. कापायचा नाही, कापला तर एखाद्याचं कपाळच जायचं. नुसता दाबून बसवायचा. मूळ फोटो जागा खातो, म्हणून तो पुसून टाकायचा. पान एकदम आखीवरेखीव झालं. उभ्या फोटोंतले चेहरे जरा रुंद दिसायला लागले होते, ते मला दिसलंही होतं. पण ती माणसं काही माझ्या ओळखीची नव्हती.

गेल्या पौषात माझे काका हरवले. बाबांचे थोरले भाऊ, रेल्वेच्या वर्कशॉपात क्लार्क होते. निवृत्तीनंतर विसरायला लागले. सकाळी उठून डबा मागायचे, ड्यूटीवर जायचंय म्हणायचे. उंच, आणि अंगानं अगदी पाप्याचं पितर. एका सकाळी काकू आंघोळीला गेली आणि ते कडी काढून बाहेर पडले. स्वेटर खुंटीवरच राहिला.

पोलिसांत कळवलं. "तू तुझ्या त्या साइटवर लौकर टाक गं," काकू म्हणाली. मी टाकला. आतेबहिणीच्या लग्नातला, कमरेपर्यंतचा, उभा फोटो. लिंक सगळ्या ग्रुपांवर गेली. काकूनं पाहिला, बाबांनी पाहिला, मी तर दहादा पाहिला. आम्हाला काकाच दिसले. आपल्या माणसाचा चेहरा आपण फोटोत बघतच नाही, तो आधीच ठाऊक असतो.

तिसऱ्या दिवशी तीसेक किलोमीटरवरच्या चिरगाँवच्या ठाण्यातून फोन आला. बस अड्ड्यामागच्या भिंतीला टेकून बसलेले सापडले होते. थंडीनं गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओळख पटवायला बाबा एकटेच आत गेले, मला नको म्हणाले.

कागदपत्रं होईपर्यंत मी अड्ड्यावर गेले. तिथल्या चहावाल्याला काका चांगले आठवत होते.

"दो दिन इतईं बैठे रहे," तो म्हणाला. "हमने चाय पिलाई, बिस्कुट दए. घर पूछो तो कहें, ड्यूटी पे जा रहे."

मी विचारलं, भैया, मोबाइलवर फोटो नाही आला तुमच्याकडे? आला होता. एका कंडक्टरनं दाखवला होता, आणि दोघांनी काकांच्या समोर उभं राहून तो ताडूनही पाहिला होता.

"पर बामें तो मोटे आदमी हते, बिटिया. गोल मुँह. जे तो सूखी लकड़ी हते."

मी साइट उघडली. खरंच, गुबगुबीत गालांचा कुणी बुटका गृहस्थ. मग माझ्या फोनमधला मूळ फोटो काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं हात पुसून फोन घेतला, बराच वेळ पाहिला.

"जेई हैं," तो म्हणाला. "जेई डाल देतीं."

हाच टाकायचा होता, असं म्हणताना त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. "तुला काय ठाऊक होतं," ते म्हणाले. मला ठाऊक होतं. ती ओळ मीच लिहिली होती. मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "वहिनीला नको सांगूस." ते अजून सांगितलेलं नाही, आणि काकूच्या हातचं जेवताना मला माझी किळस येते.

दहावं झाल्यावर मी ती ओळ बदलली. दोन मिनिटांचं काम. पण आधीचे चेहरे सरळ होईनात. मूळ फोटो मी पुसले होते, आणि कुणाला किती दाबलं याची नोंद कुठे नव्हती. म्हणून जे अजून सापडले नव्हते त्यांच्या घरच्यांना फोन करायला बसले: फोटो पुन्हा पाठवा, आमची चूक झाली, एवढंच सांगायचं होतं. वाक्य मी पाठ केलं होतं.

पहिला नंबर टहरौलीचा होता. एका बाईनं उचलला. मी संस्थेचं नाव सांगितलं आणि श्वास घेतला, तेवढ्यात ती घरात वळून ओरडली, "अरे सुनो, फोन आ गओ!" मग मला, "मिल गए का?"

मागे भांडं पडलं, कुणीतरी अंगणातून धावत आलं, आणि मग माझं ऐकायला सगळे गप्प झाले.