धुक्यातला सामना आणि दुर्गाघाटची गोलकीपर

केतकीचा फोन आला. "मावशी, सीझनची आखरी मॅच आहे. बाबा म्हणतात, माझीपण आखरीच. येतेस का?" तेवढ्यावर मी ऐन जानेवारीत काशीला निघाले.

केतकी माझ्या मामेबहिणीची, सुनंदाताईची मुलगी. बनारसमध्येच जन्मलेली, कॉलेजच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. नाशिकहून थेट गाडी मिळते, पण थंडीत जाणार असाल तर हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. अलाहाबादच्या पुढे धुक्यात आमची गाडी इतकी हळू चालली, की खिडकीतून मोहरीची शेतं स्वप्नात दिसावीत तशी सरकत होती.

ताईचं घर दुर्गाघाटावर. तिथल्या गल्ल्यांत वाहन जात नाही. ई-रिक्षा मैदागिनच्या चौकात सोडून बॅग उचलून चालावं लागतं. वाटेत मातीच्या कुल्हडमधलं मलइयो खा. केशराचा वास असलेला दुधाचा फेस, जिभेवर ठेवेपर्यंत विरलेला. फक्त थंडीतच मिळतो.

रात्री जेवताना केतकीनं सीझन सांगितला. सुरुवातीला अकरा मुलीसुद्धा जमत नव्हत्या, पहिले सामने हरल्या, मग एकदम सूर लागला. आता उद्या जिंकलं तर पुढची फेरी. भाऊजी संस्कृत शिकवतात. ते शांतपणे म्हणाले, "खेळ झाला. आता एम.ए. नीट कर." केतकी भात कालवत राहिली.

सकाळी मी आणि सुनंदाताई ऑटोनं मैदानावर गेलो. ताईनं लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. भाऊजी येत नाही म्हणाले, पण थोड्या वेळानं मफलर गुंडाळून मागे येऊन उभे राहिले.

धुक्यात पलीकडचा गोल दिसतच नव्हता. मुली त्यात शिरत, विरत, पुन्हा उमटत. ऐकू येत होता तो केतकीचा आवाज. "राइट देख. पीछे आ. छोड़, मेरी है." घरात चार शब्द बोलणारी पोरगी अख्खा संघ हलवत होती.

"ही आपली केतकी?" ताईनं विचारलं.

मध्यंतराआधी आमच्यावर एक गोल चढला. मग ऊन पडलं, मैदान हिरवं झालं आणि आमच्या मुलींनी बरोबरी केली. अगदी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. ताईनं माझं मनगट धरलं. केतकी डावीकडे झेपावली आणि चेंडू छातीशी घेऊन पडून राहिली. तरी बरोबरीच. पुढची फेरी हुकली.

दुपारी सगळा संघ नावेत बसला, आम्हीही. शिंदे घाटासमोर नावाड्यानं वल्ही थांबवली. पाणी राखाडी, वर पांढरे पक्षी. केतकीचे डोळे लाल होते. भाऊजी म्हणाले, "एम.ए.चे वर्ग दुपारचे असतात."

"हो, बाबा."

"आणि सराव सकाळी?"

केतकीनं मान वर केली. "हो. सुबह."

"मग जमेल," ते म्हणाले आणि पाण्याकडे पाहू लागले.

घरी परतल्यावर लोक विचारतात, काशीत काय पाहिलं. दर्शन झालं, दशाश्वमेधची आरती पाहिली, ते सांगते. पण डोळे मिटले की पांढऱ्या धुक्यातून तो आवाज येतो, ठाम, निर्धास्त. काल ताईचा फोन होता. ऑफसाइड म्हणजे काय, ते मला समजावून सांगत होती. निम्मं चुकीचं होतं. मी म्हटलं, "पुढे सांग."