डाव्या-उजव्याचा खुलासा

धायरीच्या आमच्या गल्लीत पदवी घेतलेला मी पहिला. घरात तर पहिलाच. वडील शाळेत शिपाई, आई लोकांकडे पोळ्या करायची. दहावी झालो आणि गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे यायला लागले. मीटर बदलून मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत, रजा मंजूर होणेबाबत. अक्षर चांगलं होतं आणि ‘महोदय’नंतर काय लिहायचं ते मला बरोबर कळायचं. याचा मला अभिमान होता. आजही आहे, लपवण्यात अर्थ नाही.

पुढे हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. स्क्रीन आखायचं काम. कुठलं बटण कुठे, कुठली चौकट किती रुंद, हे ठरवणारा मी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी आम्ही माल पाठवण्याचं सॉफ्टवेअर करत होतो. ते वापरणार कोण, तर डिस्पॅचच्या टेबलावर बसणारी माणसं. पण आमच्या चारही मीटिंगा झाल्या काचेच्या केबिनमध्ये, डायरेक्टरसाहेबांसमोर. त्यांचा हट्ट एकच, की सगळं एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, खाली सरकवायला लागता कामा नये. शिवाय आज किती माल गेला ते दाखवणारं एक रंगीत वर्तुळ हवं, आणि तेही मोठं. वर्तुळाला जागा कुठून तरी काढायची होती. ती मी पार्टच्या नावाच्या चौकटीतून काढली. साहेब म्हणाले, “व्वा!” मलाही बरं वाटलं.

डिस्पॅचच्या टेबलावर एक ताई होत्या. मांजरी गावाहून स्कूटीवर यायच्या, बारा वर्षं तिथेच. आधी सगळं जाड रजिस्टरात लिहायच्या. खोक्यात हात घालून, न बघता, लोखंडी ब्रॅकेट गाडीच्या डाव्या बाजूचं की उजव्या ते सांगायच्या. त्यांना शिकवायला मला एक तास दिला होता. पहिल्या दहा मिनिटांत त्या म्हणाल्या,

“सर, ह्यात नावाचं शेवटचं अक्षर दिसत न्हाई.”

बरोबर होतं. पार्टची नावं लांबलचक, सुरुवात सगळ्यांची सारखी. डावं की उजवं ते सांगणारं अक्षर अगदी शेवटी. माझ्या चौकटीत ते मावत नव्हतं. यादीत एकाखाली एक दोन ओळी, हुबेहूब सारख्या.

“सवय होईल, ताई.”

“कशाची? न दिसायची?”

शेजारचे पॅकिंगवाले हसले. मीही हसलो.

ऑफिसात येऊन मी ते नोंदवलं, हे खरं आहे. आमचे टीमलीड म्हणाले, “अरे, ट्रेनिंगचा विषय आहे तो. वर्तुळ लहान केलं तर साहेब आपल्याला लहान करतील. पुढच्या टप्प्यात बघू.” मी वाद घातला नाही. नोकरीत कायम व्हायचं पत्र अजून यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर स्क्रीन मला सुंदर वाटत होती.

ताईंनी स्वतःच तोड काढली. यादीत डावं आधी येतं, उजवं नंतर. मॉनिटरच्या कडेला त्यांनी चिठ्ठी चिकटवली : ‘वरची डावी, खालची उजवी’. पाच महिने एकही चूक नाही. पुढच्या मीटिंगमध्ये मी त्या चिठ्ठीचा फोटो दाखवला आणि म्हणालो, “युजरने सिस्टिम छान आत्मसात केली आहे.” असं बोललोय मी.

मग डिझाइन खात्यातल्या कोणीतरी यादीत एक नवं डावं ब्रॅकेट घातलं. ते जाऊन बसलं जुन्या दोघांच्या मध्ये. आता सारख्या दिसणाऱ्या ओळी तीन झाल्या. ताईंना कोणी सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखी वरून दुसरी ओळ दाबली, पॅकिंगला चिठ्ठी गेली, चिठ्ठीप्रमाणे खोकी भरली, ट्रक गेला. समोरच्या कंपनीला उजवी ब्रॅकेटं हवी होती, पोचली डावी. त्यांची गाड्या जोडायची लाइन अर्धी शिफ्ट बंद.

मला नोंदी तपासायला पाठवलं. नोंदी स्वच्छ होत्या. लॉगिन ताईंचं, क्लिक ताईंचं. मी तेवढंच सांगितलं. कारखान्याच्या पर्सोनेलवाल्यांनी ताईंना संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायला सांगितला. “बारा वर्षं झाली ना तुम्हाला? डावं-उजवं तर बालवाडीत शिकवतात, बाई,” असंही म्हणाले.

कारखान्यात खुलासा मागतात तेव्हा कोणाला काही खुलासा नको असतो. माफी हवी असते, सहीसकट.

ताई फुलस्केप घेऊन कँटीनमध्ये माझ्याकडेच आल्या. “सर, तुम्ही शिकलेले. चार ओळी लिहून द्या. मला रजिस्टर येतं, हे असलं येत न्हाई.”

“काय लिहू?”

“काय झालं ते लिवा.”

काय झालं ते मला त्या कारखान्यातल्या कोणाहीपेक्षा नीट माहीत होतं. चार ओळींत मावलंही असतं. पण त्यात चौकट आली असती, वर्तुळ आलं असतं, माझी कंपनी आली असती, मी आलो असतो. मी मनाशी म्हटलं, नरम खुलासा दिला की फाईल मिटते. ताईंच्याच भल्याचं आहे. आणि पेन काढलं.

लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, “वाचून दावा.”

“...सदर चूक माझ्याकडून अनवधानाने झाली असून...”

“म्हंजे?”

“म्हणजे लक्ष नसताना.”

“लक्ष हुतं की माझं. दुसरी ओळ बघून दाबली मी.”

“असंच लिहितात, ताई. भाषाच असते ती.”

“मंग बरं.” त्यांनी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण सही केली, सावकाश. वर मला चहा पाजला. मी तो प्यायलो.

फाईल मिटली नाही. आठ दिवसांत ताईंना कॉम्प्युटरवरून काढलं आणि पॅकिंगला लावलं. दिवसभर उभं राहून खोक्यांना टेप मारायची. महिनाअखेरीस दोन्ही कंपन्यांची मीटिंग झाली. टीमलीडनी तो खुलासा भिंतीवर मोठा करून दाखवला. “युजरने स्वतः लेखी मान्य केलंय. सिस्टिममध्ये दोष नाही.” हातभर उंचीची माझी अक्षरं, माझ्या वेलांट्या. पंधरा माणसं माना हलवत होती. एकही शब्द चुकलेला नव्हता, तेही मी पाहिलं. त्याच महिन्यात मी कायम झालो. आईने गल्लीत पेढे वाटले.

पुढचा टप्पा आला तोवर वर्ष होत आलं होतं. चौकट रुंद करायला मला दुपारच्या चहापर्यंतचा वेळ पुरला. वर्तुळ थोडं आकसलं, साहेबांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ते बसवायला कारखान्यात गेलो तेव्हा पॅकिंगला गेलो. ताईंच्या गुडघ्याला पट्टा होता.

“ताई, आता पूर्ण नाव दिसतं.”

“दिसू द्या.” त्यांनी टेप ओढली. “साहेबांना लई आवडला तुमचा खुलासा. म्हणले, इतकं सरळ कबूल करणारं माणूस मिळत न्हाई. म्हणून घरी न्हाई पाठवलं, हितं ठेवलं.”

टोमणा होता की आभार, मला कळलं नाही. मी म्हणालो, “मी जाऊन सांगतो त्यांना. चूक तुमची नव्हती, आमच्या स्क्रीनची होती. माझी होती.”

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“आता नगा सांगू, सर. सही माझी हाय त्याच्यावर. तुम्ही खरं बोललात तर मी खोटी पडते. मंग हितूनबी काढतील.”

मी सांगितलं नाही.