गोष्ट मेंढीची होती

मंडळी, आज सातवीतल्या एका पोरीनं मला गोष्ट वाचायला शिकवलं.

तेर गावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी मराठी शिकवतो. आज वर्गात एक गोष्ट सांगितली. मेंढीचं कोकरू मेलं. धनगरानं तिचंच दूध एका पोरक्या कोकराच्या अंगाला चोळलं. मेंढीला ओळखीचा वास आला. तिनं त्याला जवळ घेतलं, पाजून मोठं केलं.

"ही गोष्ट कशाबद्दल आहे?" मी विचारलं आणि कुणी बोलायच्या आत फळ्यावर लिहूनही टाकलं, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.

कोमल उभी राहिली. तिच्या घरी मेंढरं आहेत.

"सर, वास दोन दिसात जातोय. मग मेंढीला समदं कळतंय. तरी ती पाजतीया. गोष्ट धनगराची न्हाय सर, मेंढीची हाय."

मी फळा पुसला.

मी दोन वर्षांचा असताना आई गेली. चुलतीनं वाढवलं. आजोबांनी कसं डोकं लढवून मला तिच्या ओटीत टाकलं, हे मी आजवर कितीतरी जणांना रंगवून सांगितलंय. त्या गोष्टीत चुलती एका वाक्यापुरतीच यायची.

दुपारच्या सुट्टीत तिला फोन लावला. "काकी, जेवण झालं का?"

"झालं की. आज काय इशेष?"

सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

तुमच्या घरातली अशी एखादी गोष्ट आहे का, जी आजवर दुसऱ्याच्याच नावानं सांगितली गेली?