फुंकू नये

सुमनताई गेल्या, असा यांचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या एसटीत होते. मूल गाव नुकतंच मागे पडलं होतं आणि माझ्या मांडीवर जवसाच्या चटणीचा डबा होता. दवाखान्यातलं अळणी खाऊन जीभ मेली, तुझ्या हातची चटणी पदराखाली लपवून आण, असं त्यांनीच आदल्या दिवशी फर्मावलं होतं. नोकरीभर नर्स म्हणून गावोगाव लोकांना पथ्यं शिकवली आणि स्वतःची वेळ आली तर ही तऱ्हा! मी फोन ठेवला, डबा घट्ट धरला आणि रडत बसले. शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं, बाई, तेल सांडून राह्यलं. मग रडता रडता पदरानं डबा पुसला... हे सगळं ताईंना सांगायला मिळालं असतं तर त्या पोट धरधरून हसल्या असत्या.

ताई माझी नणंद, म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. मी नवी नवरी होते तेव्हा त्या एटापल्लीकडच्या एका उपकेंद्रात होत्या, आणि मला त्यांच्या भेटीला नेलं होतं. नणंद, त्यात नर्स, म्हणजे कडक असणार, म्हणून मी रस्ताभर घाबरतच गेले. बघते तर क्वार्टरमध्ये ताई ड्युटीच्या पांढऱ्या साडीतच पलंगावर मांडी घालून बसलेल्या, समोर टीव्ही, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. नमस्कार करायला वाकले, तर त्यांनी दुसरा रिमोट माझ्या हातात कोंबला. दोन रणगाडे, सगळीकडे विटांच्या भिंती, आणि भिंतींच्या आड आपला एक झेंडा. दोघींनी मिळून तो जपायचा. मी पहिल्याच मिनिटात आपलाच झेंडा उडवला.

"सासरी येऊन पह्यलं काम हेच केलं का वं?" ताई म्हणाल्या आणि अशा हसल्या की माझी भीती तिथंच संपली.

तेव्हापासून मी दोन नंबर. त्या मशीनची गंमत अशी की स्टार्टचं बटण फक्त एक नंबरच्या रिमोटला होतं. दोन नंबरवाल्यानं नुसतं धरून बसायचं. खेळ चालू कधी करायचा हे एक नंबरच्या मर्जीवर. मी कितीदा भांडले, मला एकदा तरी एक नंबर द्या म्हणून. "मी रिटायर झाल्यावर घेजो," एवढंच ठरलेलं उत्तर. रिटायर होऊन गडचिरोलीला आमच्याच गल्लीत घर घेतलं, तरी रिमोट काही सुटला नाही.

आणि त्यांच्या त्या कॅसेटी! सगळी दुनिया कॅसेट चालली नाही की तोंडानं फुंकते. मीही फुंकायचे. ताईंना ते पाहवत नसे. तोंडातली ओल जाते, जंतू जातात, आतल्या तांब्याच्या पट्टीले गंज चढते, असं त्या रागावून सांगायच्या. मग इंजेक्शनच्या आधी दंड पुसावा तसा कापसाच्या बोळ्यानं आणि स्पिरिटनं कॅसेटचा कडेचा भाग पुसायचा, सुकू द्यायचा आणि मगच आत घालायचा. दर रविवारी सगळ्या कॅसेटींची अशी तपासणी. प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर ताईंच्या अक्षरात तब्येत: ‘दोनदा दाबावे.’ ‘गरम झाल्यावर विश्रांती.’ एका फुटक्या निळ्या कॅसेटवर तर ‘सुधारणा नाही, तरी ठेवावे’ असं लिहिलं होतं. आणि सगळ्यांवर एक सूचना ठरलेली: ‘फुंकू नये.’

रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच वर्षी ताईंच्या किडनीचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. नेमकं तेव्हाच ते जुनं मशीनही कायमचं बसलं. ताईंनी आजाराचं एवढं मनावर घेतलं नाही, पण मशीनचं घेतलं. नवं आणू, पण जुने खेळ चालले पाहिजेत, एवढीच अट. मी आणते म्हणाले. चंद्रपूरच्या दुकानात पोरगेलासा दुकानदार मशीनं दाखवत सुटला. एक भारीचं, त्यात जुने खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. दुसरी एक छोटी डबी, तिच्या पोटातच हजारो खेळ भरलेले, कॅसेटीची कटकटच नाही. रणगाडे आहेत का? आहेत. मी खूश! मोठी शहाणी मी, डबी उचलून घरी आले.

ताईंनी ती लावली, दहा मिनिटं खेळल्या. मग म्हणाल्या, बटण आता दाबलं तर गोळी मागून निंगते, याले झोप आली हाय. आणि कॅसेटीचा डबा उघडून मला विचारलं, "आन् माह्या ह्या कुठी घालू?"

कॅसेट घालायची खाच आहे की नाही, हे मी बघितलंच नव्हतं. ताईंनी डबीवर भरतकामाचा रुमाल झाकला आणि चहा ठेवला. मला मात्र ते लागलं. तुम्हाला कशाचं कौतुकच नाही, असं ताडकन बोलून मी निघून आले आणि पुढचे दोन महिने संध्याकाळची गेले नाही. एकाच गल्लीत राहून! त्या डायलिसिसहून थकून यायच्या, आणि मी घरात बसून फुगलेली. आज त्या दोन महिन्यांचा विचार आला की स्वतःचा राग येतो. तेवढे दिवस मला आता कोण देणार?

मग एका रविवारी हे ताईंकडून आले आणि सहज म्हणाले, मशीन नाही तरी ती कॅसेटी पुसत बसली आहे. मी तशीच चपला घालून गेले. माफी वगैरे आमच्यात मागत नाहीत. "चला, चंद्रपूरला, डबा घ्या," एवढंच म्हणाले.

या वेळी ताई आल्या, आणि दुकानात वॉर्डातला राउंड सुरू झाला. भारीच्या मशीनची चौकशी करून त्यांनी ते सोडून दिलं. एकाला खाच होती, पण आमची कॅसेट त्यात बसेना. शेवटी दुकानदारानं मागच्या फळीवरून एक पिवळं पडलेलं जुनं मशीन काढलं. ताईंनी आधी त्याच्या खाचेत फुंकर मारणाऱ्या त्या पोराचा हात धरला, मग पिशवीतून कापूस-स्पिरिट काढलं. मला स्टूलवर बसवलं, दोन नंबर हातात दिला, आणि गिऱ्हाइकं बघत असताना आम्ही दोघी खेळलो. चित्रात रेघा येत होत्या. "दम लागते त्याले, पन चालते," ताईंचा निर्वाळा. आणि कहर म्हणजे ती फुटकी निळी कॅसेटही चालू झाली! ताईंनी तिथल्या तिथं जुनी पट्टी काढली, नवी लावली आणि लिहिलं, ‘सुधारणा आहे.’

घरचा सपाट टीव्ही त्या तारा घेईना, म्हणून अडगळीतला खोक्याचा टीव्ही खाली उतरवला. त्यानंतर पाच महिने आम्ही खेळलो. हात थरथरायचे त्यांचे, तरी मला हरवायच्या. सोबतीनं झेंडा जपायचा सोडून माझ्याच रणगाड्यावर गोळ्या झाडायच्या, आणि वर, चुकून लागली म्हणायच्या. मग दवाखाना... आणि तो फोन.

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे परतले. काही आठवड्यांनी आम्ही दोघं ताईंची खोली उघडायला गेलो. सगळं होतं तसं होतं. मी सवयीनं पलंगावर बसले, दोन नंबर उचलला आणि टीव्हीकडे बघत राहिले.

"चालू कर ना," हे म्हणाले.

"माझ्याकडे बटण नाही," मी म्हणाले, आणि मग जे रडू आलं...

यांनी टीव्हीवरचा एक नंबर उचलला आणि माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला. मागे चिकटपट्टी होती. अक्षर थरथरतं, म्हणजे अलीकडचंच. ‘वनिताला द्यावा. फुंकू नये.’

मी डोळे पुसले. यांच्या हातात दोन नंबर दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टार्ट दाबलं. पहिल्याच मिनिटात यांनी आपलाच झेंडा उडवला.