आमच्यात कुणी घेत नाही

बँकेच्या बदलीनं जयपूरला आलो, तेव्हापासून मी एकच वाक्य घोकलं होतं: आमच्यात कुणी घेत नाही. ह्यांच्या साहेबांना, इथल्या सोडाला भागातल्या शेजाऱ्यांना, साताऱ्याला फोनवर सासूबाईंना, सगळ्यांना तेच. हे पिवळेजर्द होऊन दवाखान्यात भरती झाले आणि डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या ना!

दोन दिवस डॉक्टर काविळीचं कारण शोधत राहिले. ह्यांचं पोट फुगलं, डोळ्यांत बघवेना. सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, बाहेरच्या पाण्यानं झालं म्हणून. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले. म्हणाले, रिपोर्ट दारूकडे बोट दाखवताहेत. तसं असेल तर स्टेरॉइड देता येईल, पण अंदाजानं दिलं तर जिवावर बेतेल. नीट आठवून सांगा.

आठवायचं काय, कपाळ माझं! आठ वर्षं रिकाम्या बाटल्या मीच कागदात गुंडाळून टाकत होते.

“रोज पीते हैं, डॉक्टरसाब. आठ साल से. सुबह भी.”

सासूबाईंना हिंदी फारसं येत नाही, पण एवढं कळायला काय लागतं? त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत.

कुठे जंतुसंसर्ग नाही ना, ते तपासून त्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: सात दिवस बघू. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ, उतरलं नाही तर गोळ्या बंद, आणि मग आमच्या हातात फारसं काही नाही. ह्या गोळ्यांनी जंतुसंसर्ग बळावू शकतो, तापावर लक्ष ठेवा. मी इतक्यांदा कपाळाला हात लावायची की हे वैतागायचे. ह्यांचा राग येत होताच, पण स्वतःचा जास्त. खोटं बोलून दोन दिवस मी घालवले होते. हे गेले असते तर कुणाला तोंड दाखवणार होते मी?

सातव्या दिवशी रिपोर्ट येईपर्यंत सकाळची गोळी थांबवलेली. ती मुठीत धरून मी दाराकडे बघत होते. दहा वाजता डॉक्टर आले. म्हणाले, चांगलं उतरलंय, गोळ्या चालू ठेवा.

आठवडाभर मान उचलायचं त्राण नसलेले हे पुटपुटले, “आईसमोर सांगायची काय गरज होती?”

माझं डोकं सणकलं. पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच उठल्या, माझ्या मुठीतली गोळी घेतली आणि ह्यांच्या तोंडासमोर धरली.

“तिनं सांगितलं म्हणून हे विचारायला जिवंत राहिलास. गप गोळी घे.”